पहाटेची धून आणि तिचा विसरलेला धनी

आमच्या पिढीतल्या बहुतेक ग्वाल्हेरकर मराठी घरांत सकाळ घड्याळाने होत नसे, ती रेडिओने होत असे. लष्करातल्या वाड्यांत आजोबा उठून पहिली गोष्ट करत ती रेडिओचा खटका फिरवण्याची. खरखर व्हायची, मग तंबोऱ्याचा नाद यायचा आणि त्यावर व्हायोलिनची ती चार-सहा स्वरांची धून तरंगत यायची, पुन्हा पुन्हा, न थकता. त्यानंतर वंदे मातरम्. मग बातम्या. तोवर चुलीवर चहाचे आधण आलेले असे. त्या धुनेला आम्ही कोणीच गाणे म्हटले नाही. अंगणातला प्राजक्त जसा कोणी लावला हे कोणी विचारत नाही, तशी ती धून कोणी रचली हेही आम्ही कधी विचारले नाही.

ग्वाल्हेरसारख्या गावात ही चूक जरा जास्तच लाजिरवाणी आहे. इथे एखाद्या बंदिशीची अस्थाई ऐकली, की ही कोणाच्या घराण्याची, कोणाच्या गळ्यातून आली, यावर तासभर वाद घालणारी माणसे घरोघरी असत. आणि तरीही जी धून आम्ही सगळ्यांत जास्त वेळा ऐकली, तिच्या कर्त्याचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. ते कळले तेव्हा आम्ही चकितच झालो. आकाशवाणीच्या त्या परिचयधुनेचे श्रेय सर्वसाधारणपणे ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन हे जर्मन भाषिक ज्यू संगीतकार होते. हिटलरच्या काळात युरोप सोडून ते मुंबईला आले आणि बारा वर्षे इथे राहिले. यंदाच्या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हांला वाटले.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड येथे झाला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले बोहेमियातले हे गाव. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला कार्लोवी व्हारी म्हणतात. कॉफमन जन्मले तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. ते अकरा वर्षांचे झाले तेव्हा साम्राज्य मोडले आणि गाव चेकोस्लोव्हाकियात गेले. गाव हलले नाही, माणसे हलली नाहीत, फक्त वरचे राज्य बदलले. घरात, शाळेत, बाजारात भाषा मात्र जर्मनच राहिली. एका राज्यात राहायचे आणि दुसरी भाषा बोलायची म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

संगीताच्या शिक्षणासाठी ते बर्लिनला गेले. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयात फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे ते रचनाशास्त्र शिकले. श्रेकर हे त्या काळचे नावाजलेले ऑपेरा-रचनाकार. पण कॉफमन यांच्या पुढच्या आयुष्याला वळण लावणारे गुरू दुसरेच होते, त्यांचे नाव कुर्ट झाक्स. जगभरच्या वाद्यांचा अभ्यास हा झाक्स यांचा विषय होता. भारत आणि इंडोनेशियातल्या वाद्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. १९१४ साली एरिक फॉन होर्नबोस्टेल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी वाद्यांचे जे वर्गीकरण मांडले ते आजही जगभर वापरतात. त्यातले मूळ चार वर्ग आपल्या नाट्यशास्त्रातल्या तत, अवनद्ध, घन आणि सुषिर या चार वर्गांशी मिळतेजुळते आहेत. युरोपाबाहेरही शास्त्रशुद्ध संगीत असते, ते रानटी लोकांचे आवाज नव्हेत, ही समज कॉफमन यांना बर्लिनच्या वर्गात मिळाली.

पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी गुस्ताव्ह माहलर यांच्या सिंफनींवर प्रबंध लिहिला. पदवी हाताशी आली होती. तेवढ्यात आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग हे नाझी युवक गटाचे पुढारी आहेत असे त्यांना कळले, आणि त्या माणसाच्या हातून मिळणारी डॉक्टरेट त्यांनी नाकारली. त्या काळी संगीत-अभ्यासकाला ही पदवी म्हणजे नोकरीची किल्ली होती. ती स्वतःहून टाकून देणारा माणूस कसा असेल, याची कल्पना एवढ्यावरून यावी.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला. ज्यू संगीतकारांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांच्या रचना कार्यक्रमांतून गळाल्या. श्रेकर आणि झाक्स या दोन्ही गुरूंची पदे गेली. श्रेकर यांचे पुढच्याच वर्षी निधन झाले आणि झाक्स यांनी पॅरिस गाठले. सव्विशीच्या कॉफमन यांच्यापुढे प्रश्न होता, जायचे कुठे? त्यांनी भारत निवडला. त्यामागे अध्यात्माची ओढ वगैरे काही नव्हते. या देशाचा परवाना सहज मिळत होता, हे साधे कारण त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. शिवाय मुंबईत एक ओळखीचा माणूस होता. जर्मनीत चित्रपटाचे तंत्र शिकून आलेले दिग्दर्शक मोहन भवनानी, ज्यांच्या १९३४ सालच्या ‘मजदूर’ या चित्रपटाची कथा प्रेमचंदांनी लिहिली होती, ते कॉफमन यांचे मित्र.

१९३४ च्या आरंभी ते मुंबईला उतरले. आमचे संगीत त्यांना ऐकताक्षणी आवडले असे म्हटले तर वाचायला छान वाटेल, पण तसे घडले नाही. भारतीय संगीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका त्यांनी ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच कळले नाही. ते सारे परके आणि अनाकलनीय वाटले. मात्र तिथे थांबून ‘हे संगीतच नव्हे’ असा शेरा त्यांनी मारला नाही. त्यांनी विचार केला तो असा: हे संगीत माणसांनीच, मनापासून आणि बुद्धीने घडवले आहे. कोट्यवधी लोकांना ते आवडते. तेव्हा मला ते कळत नसेल तर दोष माझा, आणि ते कळून घ्यायचे तर जिथे ते जन्मले तिथेच बसून शिकले पाहिजे. आमच्या मते कॉफमन यांच्या सगळ्या कामाचे मूळ या एका विचारात आहे.

पोट भरण्यासाठी मात्र आपले पाश्चात्त्य संगीतच हाताशी होते. आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. चेंबर म्युझिक म्हणजे तीन-चार किंवा पाच-सहा वादकांनी छोट्या दालनात वाजवायचे संगीत. आपल्या जुन्या खाजगी बैठकीसारखेच, पण लिहिलेल्या स्वरलिपीवरून. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात हे वादन होई. पियानोवर कॉफमन स्वतः, चेलोवर एडिजिओ व्हर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता असत. हे मेहली मेहता म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबीन मेहतांचे वडील. श्रोते मोजकेच, बहुतांशी पारशी आणि युरोपीय. तरी मे १९३७ पर्यंत या संस्थेचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांत १३६! कोणत्याही गावात संगीतसभा चालवणाऱ्या कार्यकर्त्याला या आकड्यामागचा घाम बरोबर समजेल. त्याच्या जोडीला भवनानींच्या चित्रपटांसाठी पार्श्वसंगीत लिहिणे चालूच होते.

याच सुमारास हिंदुस्थानातले नभोवाणी खाते नव्याने उभे राहत होते. ८ जून १९३६ रोजी ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे नाव बदलून ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे झाले. नव्या संस्थेला ओळखीसाठी एक धून हवी होती. ती कॉफमन यांची, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवले असेही सांगतात. या श्रेयाबद्दल वाद घालणारेही आहेत. त्या काळी दिल्ली केंद्रावर असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांचे आणि इतर काहींचे नाव त्यासाठी पुढे केले गेले आहे. पण बहुसंख्य अभ्यासकांचे मत कॉफमन यांच्या बाजूने आहे.

ही धून शिवरंजनीच्या अंगाची आहे. भूपाचे स्वर घ्या, सा रे ग प ध. त्यातला शुद्ध गंधार तेवढा कोमल करा, की शिवरंजनीचे स्वर मिळतात. एका स्वराच्या फरकाने भूपाची प्रसन्नता जाते आणि तिच्या जागी एक हुरहूर येते. शिवरंजनी हा सहसा रात्री गायला-वाजवला जाणारा राग, पण रेडिओने तो आमच्या पहाटेशी असा बांधून टाकला की आज कोणी मैफलीत शिवरंजनी छेडली तरी आम्हांला चहाचा वास येतो. धुनेची बांधणीही पाहण्यासारखी आहे. खाली तंबोऱ्याचा अखंड षड्ज, वर व्हायोलिनची एकच ओळ. स्वरसंवादाचा, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरांच्या थरांचा, जो पाश्चात्त्य संगीताचा कणा, तो इथे पुढे येत नाही. युरोपीय रचनाकाराला सर्वांत अवघड गोष्ट कोणती, तर आपली विद्या बाजूला ठेवणे. ती इथे साधलेली आहे.

१९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. ‘अनसूया’ हा रेडिओसाठी रचलेला ऑपेरा त्यांनी इथेच ध्वनिक्षेपित केला. तंतुवाद्यांच्या चौकड्या, व्हायोलिनचे सोनाटे, अशा कितीतरी रचना त्यांनी मुंबईत लिहिल्या. त्यांत रागांच्या चलनाची छाया आहे, पण बाजारू ‘पौर्वात्य’ नक्षी नाही.

इथे आपल्या जिव्हाळ्याचा एक धागा जोडायचा आहे. ज्या वर्षी ऑल इंडिया रेडिओचे नामकरण झाले त्याच १९३६ साली, १९ सप्टेंबरला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी देह ठेवला. भातखंड्यांचे ग्वाल्हेरवरचे ऋण आम्ही विसरू शकत नाही. १९१६ साली बडोद्याला त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली आणि १९१८ साली माधवराव शिंदे महाराजांच्या आश्रयाने ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्यांनी त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ व ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या ग्रंथांत मांडल्या. हे ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिले. शेकडो राग त्यांनी दहा थाटांत बसवले.

आता १९६८ कडे या. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ नावाचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखक वॉल्टर कॉफमन. त्यातल्या रागांची मांडणी केली आहे ती भातखंड्यांच्या दहा थाटांनुसार. कल्याण, बिलावल, खमाज असे एकेक थाट घेऊन प्रत्येक रागाचे आरोह-अवरोह, पकड आणि चलन पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिलेले आहे. ज्यांना देवनागरी येत नव्हती, त्या जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानी रागांचे दार या ग्रंथाने उघडले. मलबार हिलवरच्या एका मराठी वकिलाने आपल्या भाषेत जे मांडले ते एका निर्वासित जर्मन भाषिकाने अमेरिकेतल्या ग्रंथालयांत नेऊन ठेवले. या प्रवासाची नोंद आपल्याकडे अभावानेच झाली आहे.

पण १९४६ पर्यंतची ती मुंबईतली वर्षे त्यांच्यासाठी सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मन फौजा सुडेटन प्रदेशात शिरल्या आणि कार्ल्सबाड हिटलरच्या राज्यात गेले. परत जायचे गावच उरले नाही. त्यांची पत्नी गेर्टी ही विख्यात लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची, त्यांच्या थोरल्या धाकट्यांपैकी सर्वांत मोठ्या बहिणीची, एली यांची मुलगी. काफ्कांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या छळछावण्यांच्या यंत्रणेत मारल्या गेल्या. एली यांना १९४१ साली प्रागहून वूच येथील ज्यू वस्तीत पाठवले, त्या परत आल्या नाहीत. मुंबईच्या स्टुडिओत बसून रेडिओचे काम करणाऱ्या या माणसाच्या घरात त्या काळी युरोपातून पत्र येण्याची, आणि मग पत्र न येण्याची, कशी भीती असेल!

त्या काळच्या मुंबईत जर्मन भाषिक निर्वासितांचे एक छोटे वर्तुळ होते. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि व्यंगचित्रकार-समीक्षक रूडी फॉन लायडन यांनी आरा, रझा, हुसेन या तरुण चित्रकारांना उत्तेजन दिले. त्यामुळे भारतीय चित्रकलेच्या इतिहासात या दोघांची नावे पक्की झाली. कॉफमन यांचे तसे झाले नाही. मुंबईत त्यांच्या रचना पुढे वाजवत राहील असा शिष्यवर्ग उभा राहिला नाही. आपल्याकडे शिष्य नसेल तर गुरू लवकर विसरला जातो. घराण्यांच्या गावात राहणाऱ्या आम्हांला हे चांगले माहीत आहे.

१९४६ साली त्यांनी भारत सोडला. आधी इंग्लंड, मग कॅनडातले हॅलिफॅक्स, आणि १९४८ पासून सुमारे दहा वर्षे विनिपेगच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचे ते पहिले संचालक. १९५७ पासून अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. जी डॉक्टरेट त्यांनी प्रागला नाकारली तिच्यावाचून त्यांचे काही अडले नाही. ‘द स्कार्लेट लेटर’ हा त्यांचा ऑपेरा १९६१ साली तिथेच सादर झाला. भारत मात्र त्यांच्या टेबलावरून कधी हलला नाही. मध्य भारतातल्या गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर त्यांनी मुंबईत असतानाच, १९४१ साली, लेख प्रसिद्ध केला होता. बस्तरच्या माडिया आणि मुरिया गोंडांची गाणी व वाद्ये यांवर त्यांनी पुढेही लिहिले. शहरी रसिकांनी ज्या गाण्यांकडे तेव्हा ढुंकूनही पाहिले नव्हते, ती त्यांनी कान देऊन ऐकली आणि लिहून ठेवली. १९६८ च्या ग्रंथापाठोपाठ १९७६ साली दक्षिणेच्या रागांवरचा ग्रंथ आला. त्या दोहोंच्या मधे तिबेटी बौद्ध मंत्रपठणावरही पुस्तक झाले. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

मग इतके काम करूनही हा माणूस विसरला का गेला? आम्हांला वाटते, त्याची वाटणी झाली म्हणून. जर्मनीने १९३३ साली त्याला बाहेर काढले, आणि युद्धानंतर तिथे संगीताचे वारे इतके बदलले की आधीच्या पिढीतल्या हद्दपार रचनाकारांना परत बोलावण्याची गरज कोणाला वाटली नाही. चेकोस्लोव्हाकियातून जर्मन भाषिकांनाच युद्धानंतर हाकलण्यात आले, तेव्हा तिथेही त्याला आपला म्हणणारे उरले नाही. कॅनडाने ऑर्केस्ट्राचा संचालक लक्षात ठेवला, अमेरिकेने प्राध्यापक. भारताने धून ठेवली आणि नाव टाकले. रचनाकार कॉफमन कोणाच्याच वाट्याला आला नाही. त्यांच्या रचना बहुतेक हस्तलिखितांतच राहिल्या. २०२० साली टोरोंटोच्या एआरसी आँसाम्बल या वादकसमूहाने, हद्दपार संगीतकारांच्या रचनांच्या मालिकेत, कॉफमन यांच्या चेंबर रचनांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा कुठे रसिकांच्या कानांवर ते सूर पडले. रचनाकाराच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी!

आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर, दफ्तराबरोबर, मंदिराच्या पूजेअर्चेसाठी इथे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मागे राज्य होते, गोतावळा होता, भाषा बोलणारी गल्ली होती. कॉफमन यांच्यामागे यातले काहीच नव्हते. तरी इथे आल्यावर त्यांनी आधी ऐकून घेतले, मग शिकले, आणि मगच काही दिले. परमुलखात राहणाऱ्याने कसे राहावे, याचा याहून चांगला धडा आम्हांला सुचत नाही.

म्हणून एक छोटी सूचना. गणेश चतुर्थीला भातखंड्यांची पुण्यतिथी असते. आपल्या मंडळाच्या संगीतसभेत त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. यंदा सभा सुरू होण्याआधी कोणी तरी व्हायोलिनवर ती धून वाजवावी आणि वाजवून झाल्यावर रचनाकाराचे नाव मोठ्याने सांगावे. नव्वद वर्षे होत आली, रेडिओवर ती धून वाजते आणि लगेच वंदे मातरम् सुरू होते. नाव सांगायला मधे वेळच ठेवलेला नाही.